भिंतीपुढचा ब्रेक

"माझा नवरा उद्या मरणार आहे," ती उंबऱ्यातच म्हणाली. "मारणारा कोण, एवढंच शोधून द्या."

आक्कांनी तिला खुर्चीत बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला. पाणी बाहेर सांडायला लागलं तेव्हा तो काढून घेतला.

"थंडीने कापतेस की भीतीने?"

"भीतीने."

"मग योग्य दारात आलीस. थंडी असती तर औषधाच्या दुकानात पाठवलं असतं. बोल."

खासगी तपासाचं हे ऑफिस आधी आक्कांच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर ते आक्कांनी चालवलं आणि त्याच्यापेक्षा बरं चालवलं. हाताखाली जावई होते. मुलीने स्वतः पसंत केलेले, तेव्हा त्यात आक्कांची काही चूक नव्हती. ते सध्या कोपऱ्यात बसून मानेला लावायची रबरी उशी तोंडाने फुगवत होते.

आलेल्या बाईला घरात सगळे धाकटी म्हणत. नवरा आणि त्याचा थोरला भाऊ यांचं वर्कशॉप होतं. छोट्या गाड्या घ्यायच्या, इंजिनाला टर्बो बसवून ताकद वाढवायची आणि शर्यतीत उतरवायच्या. पूर्वी शर्यतीत थोरला बसायचा. गेल्या वर्षापासून धाकटीचा नवरा बसू लागला, कारण तो जास्त वेगात जातो.

"बंद पडलेल्या कारखान्यामागे लांब सरळ रस्ता आहे. टोकाला भिंत. तिथे गाडीची चाचणी घेतात. परवा हे पूर्ण वेगात गेले, भिंतीजवळ ब्रेक दाबला, तर पेडल दगड. खाली जाईचना. गाडी तिरकी केली म्हणून वाचले. काल सकाळी पुन्हा तेच. आरसा भिंतीने उडवला."

"आणि वर्कशॉपमध्ये?"

"तिथे काहीच नाही! उभ्या गाडीत कुणीही पाय ठेवा, पेडल मऊ. मिस्त्रीने ब्रेकचं सामान बदललं. मग काल दुपारी दादांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, स्वतः गाडी नेली. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून आणली म्हणाले, ब्रेक लोण्यासारखे आहेत. म्हणजे चूक यांच्या पायाची. आता हेसुद्धा तेच म्हणायला लागलेत."

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"वरच्या खोलीत. मला बघवत नाही, मी नुसती ऐकते. गाडी परत आली की खाली घरघरत उभी राहते ना, तेवढा वेळ मला बरं वाटतं. ती घरघर म्हणजे माणूस जिवंत आला. काल दादा आले तर गाडी आत शिरली आणि लगेच गप्प. धावत खाली आले, तर दादा किल्ली खिळ्याला अडकवत होते."

"नवरा उद्या शर्यतीत बसणार?"

"बसणार. नाही बसला तर घाबरट ठरतो ना! दादा म्हणाले, नाही जमत तर मी बसतो, लाज कसली त्यात."

"आई," जावई कोपऱ्यातून म्हणाले, "ही उशी..."

"जावईबापू, इथे माणसाचा जीव टांगणीला लागलाय. उशी नंतर."

वर्कशॉपमध्ये पेट्रोलचा आणि जळक्या रबराचा वास कोंदला होता. एका भिंतीवर चषक हातात घेतलेल्या माणसाचे फोटो होते. सगळे फोटो थोरल्याचे.

गाडी मध्ये उभी होती. पांढरी, इवलीशी, भाजी आणायला न्यावी अशी. पण डावी बाजू पुढून मागपर्यंत सोललेली होती आणि आरशाच्या जागी नुसती तार लोंबत होती. जावयांनी त्या ओरखड्यावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आपली गाडी भरधाव आत घेऊन आलं आणि त्याने किल्ली फिरवली.

"ए! तापलीय ती!" थोरला अख्ख्या आवारात घुमेल असा ओरडला. "पळवून आणलीस ना? मग जरा घरघरू दे. टर्बोचं चाक आत लाल झालेलं असतं. इंजिन बंद केलंस की तेल थांबतं, आतल्या आत जळतं, टर्बो खलास!" मग आक्कांकडे वळून तो हसला. "दिवसभर हेच ओरडतो बघा. गरम गाडीची किल्ली मी झोपेतसुद्धा फिरवणार नाही."

"आणि तापलेली नसली तर?"

"मग लगेच बंद करायची. पेट्रोल काय फुकट येतं?"

"खरंय. काल तुम्ही ही गाडी पूर्ण दाबली होतीत?"

"भिंतीपर्यंत. गाडीत काही नाही हो, बाई. भावाचं मन कच्चं झालंय. वाईट वाटतं, पण तसंच आहे."

मिस्त्रीचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ब्रेकला हात लावणारा मी. उद्या काही झालं तर लोक माझ्याच दारात येतील. मीच दादांच्या मागे लागलो, म्हटलं उभ्या गाडीत कळत नाही, तुम्ही पूर्ण दाबून बघा."

"पेडल मऊ कशाने राहतं?"

त्याने बॉनेट उघडून एक काळा डबा दाखवला. "इंजिन हवा ओढतं. त्या ओढीवर हा डबा पायाला मदत करतो. ओढ गेली की पेडल दगड. पण नळी धड आहे, नळीतला व्हॉल्व्ह जागेवर आहे. सगळं बघितलं मी."

इंजिनाचा संगणक जुळवणारी मुलगी लॅपटॉप छातीशी धरून उभी होती. तिला सगळे लॅपटॉपवाली म्हणत. आक्कांनी विचारायच्या आधीच तिचे डोळे भरले.

"चूक माझीच असेल. परवा मी टर्बोचा दाब वाढवला आणि परवाच हे सुरू झालं."

"रडू नकोस, मला समजेल असं सांग. टर्बो करतो काय?"

"हवा ढकलतो. एरवी इंजिन हवा ओढून घेतं. पूर्ण दाबलं की टर्बो त्याच नळ्यांत हवा कोंबतो."

"काल सकाळी कुठे होतीस?"

"त्यांच्या शेजारी, आकडे बघत. भिंत माझ्या बाजूने गेली, आक्का. मी हात बाहेर काढला असता तर हात गेला असता."

धाकटीचा नवरा एका टायरवर बसला होता. स्वतःच्या उजव्या पायाकडे परक्याकडे बघावं तसा बघत होता.

"हा माझं ऐकत नाही," तो हळूच म्हणाला. "उद्याही नाही ऐकणार."

आक्का बाहेरच्या बाकावर टेकल्या. शेजारी जावयांनी पुन्हा उशीत जोर लावून फुंक मारली. तोंड जरा बाजूला करताच सगळी हवा फुस्सकन त्यांच्याच नाकावर आली.

"दुपारपासून हेच सांगतोय, आई. हिच्या तोंडाशी आत पडदा असतो, तो तुटलाय. हवा जाते तशी परत येते."

आक्कांनी उशी हातात घेतली आणि एकदा स्वतः फुंकून बघितली.

"जावईबापू, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा कामाचं बोललात." आणि त्या उठून मिस्त्रीला बाजूला घेऊन गेल्या.

उन्हं उतरायच्या आत आक्कांनी सगळ्यांना गाडीभोवती उभं केलं. तळहात उघडला. त्यावर अंगठ्याएवढा काळा व्हॉल्व्ह होता.

"पाय धड आहे. खोट इथे आहे. मिस्त्री म्हणाला, डबा ओढीवर चालतो. पोरगी म्हणाली, पूर्ण दाबलं की टर्बो त्याच नळ्यांत हवा कोंबतो. मग ती हवा डब्यात का शिरत नाही? कारण मध्ये हा पहारेकरी असतो. डब्यातली हवा बाहेर जाऊ देतो, बाहेरची आत येऊ देत नाही. जावईबापू, फुंका."

जावयांनी एका टोकाने फुंकलं, मग दुसऱ्या. दोन्हीकडून हवा आरपार गेली.

"आतला पडदा कुणीतरी टोकरून काढलाय. बाहेरून व्हॉल्व्ह अख्खा, म्हणून मिस्त्री फसला. उभ्या गाडीत टर्बो निजलेला, पेडल मऊ. पूर्ण दाबून भिंतीशी पोचा, डब्यात हवा कोंबलेली, पेडल दगड. जरा वेळाने पुन्हा मऊ होतं. पण भिंत तेवढी थांबत नाही."

धाकटीने गाडीचं दार घट्ट धरलं.

"कुणी केलं? मिस्त्रीने केलं असतं तर तो कुणाला पूर्ण दाबून बघा म्हणाला नसता. पोरीने केलं असतं तर ती भिंतीच्या बाजूला बसली नसती. राहता राहिले तुम्ही, दादा. असल्या व्हॉल्व्हवर तुम्ही भिंतीपर्यंत पूर्ण दाबलीत आणि तुम्हाला ब्रेक लोण्यासारखे लागले?"

"कधी लागतात, कधी नाही लागत! मला काय माहीत?"

"तुम्ही गाडी सावकाश हिंडवून आणलीत. टर्बो तापलाच नव्हता, म्हणून आत शिरताच किल्ली फिरवलीत. ही वर ऐकत होती. भ्यालेल्या बायकोच्या कानातून काही सुटत नाही."

थोरला हसला. "घाईत होतो, विसरलो. एवढ्यावरून मला खुनी ठरवता?"

"विसरला असाल," आक्का म्हणाल्या. मग धाकट्या भावाकडे वळल्या. "मिस्त्रीने नवा व्हॉल्व्ह बसवलाय. मी स्वतः फुंकून बघितलाय. जा, आपला पाय तपासून ये."

"नको!" धाकटी किंचाळली.

आक्कांनी तिचं मनगट पकडलं. मिस्त्री पुढचं दार उघडून शेजारी बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

गाडी गेली. कारखान्यामागून आवाज चढायला लागला. चढत गेला. धाकटीने डोळे मिटले, नखं आक्कांच्या हातात रुतली. मग टायर किंचाळले.

आणि काहीच ऐकू येईना.

जावयांनी उशी छातीशी धरली. लॅपटॉपवालीने तोंडावर हात ठेवला.

मग लांबून घरघर आली. जवळ येत गेली. पांढरी गाडी फाटकातून आत शिरली.

"थांबली!" धाकटीचा नवरा आतून ओरडला. तो रडत होता. "जिथे दाबला तिथे थांबली!" बायकोकडे धावायच्या घाईत त्याने किल्लीला हात घातला.

"ए, थांब! बंद करू नकोस, तापलीय ती!"

आवाज थोरल्याचा होता. आवारात घुमला आणि विरला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"बघा," आक्का अगदी हळू म्हणाल्या. "तुमच्यावर आळ आहे, समोर भाऊ रडतोय, तरी विसरला नाहीत. मग काल कसे विसरलात?"

थोरला भिंतीवरच्या फोटोंकडे बघू लागला.

"मला त्याला फक्त घाबरवायचं होतं," तो शेवटी म्हणाला. "घाबरला की आपणहून उतरेल, एवढंच."

"ते परवाच घाबरले होते, दादा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता कापत नव्हता. "मग काल सकाळी पुन्हा का जाऊ दिलंत?"

थोरला फोटोंकडे पाठ करून टायरवर बसला.

"आई, पोलिसांना फोन करू?" जावयांनी विचारलं.

"करा. आणि उशी नवी घ्या, माझ्यातर्फे."

नवऱ्याने किल्लीवरचा हात केव्हाच काढला होता. धाकटी गाडीला पाठ टेकून खाली फरशीवर बसली. इंजिन घरघरत होतं आणि ते बंद करायची तिने कुणालाच घाई करू दिली नाही.