पाटीवरचं सातवं नाव

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. जिच्यासोबत हे घडलं ती माझी सख्खी आत्या, एलुनेद.

मागच्या जानेवारीतला गुरुवार. दुपारचे चार.

वेल्समधल्या आमच्या गावचं विद्यापीठ म्हणजे चार दगडी इमारती आणि एक प्रार्थनाघर. दोनशे वर्षं चाललं. मग पोरं येईनाशी झाली, बंद पडलं. आत्या तिथल्या खानावळीत एकतीस वर्षं कामाला होती. सामान हलवायला तिला बोलावलं होतं आणि सुतारकामाला माझ्या बाबांना.

प्रार्थनाघरातली लाकडी पाटी उतरवायची होती. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सात विद्यार्थ्यांची नावं तिच्यावर कोरलेली.

बाबा शिडीवर. आत्या खाली, शिडी धरून.

"ताई, शेवटची हजेरी घेऊ का यांची?"

"आधी स्क्रू काढ. गारठले मी इथे."

बाबा कसले ऐकतात! मास्तरांसारखा आवाज काढून ओरडले, "ग्रिफिथ पेनरी!"

"हजर..."

बाकांमधून. अगदी हळू.

"ताई, पुरे हं चेष्टा."

"मी कुठे काय बोलले?"

कोणीतरी लपलंय, असंच दोघांना वाटलं. बाबा एकेक नाव घेत राहिले, आत्या वाकून बाकांखाली बघत गेली.

"हजर..."

"हजर..."

कोणीच नव्हतं.

सहावं 'हजर' आलं ते आत्या ज्या बाकाशी उभी होती, त्याच बाकावरून...

 तरी सातवं नाव बाबांच्या तोंडून गेलंच. "एमलिन बेनन."

शांतता.

"एमलिन बेनन?"

सगळी बाकं एकदम करकरली... बसलेली माणसं मागे वळून बघतात ना, तशी.

आणि आत्याच्या घशात एक शब्द वर येऊ लागला. जाड, पुरुषी आवाजातला. तिचा नव्हता तो.

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि धावत सुटली. मागोमाग बाबा. पाटी दोन स्क्रूंवर तशीच लोंबकळत राहिली.

संध्याकाळी आत्या शेजारच्या टेग्वेनआजींकडे गेली. त्या नव्वदीच्या.

"बेनन?" आजी म्हणाल्या. "अगं, तो मेला कुठे? युद्धावरून परत आला की! तोवर नाव कोरून झालं होतं. आमच्याच गल्लीत म्हातारा झाला. पण प्रार्थनाघराची पायरी कधी चढला नाही."

"का?"

"म्हणायचा, ते अजून माझी वाट बघतायत."

पाटी नंतर दुसऱ्या माणसांनी काढून नेली. त्यांना काही ऐकू आलं नाही म्हणे.

परवा बाजारात मला आत्या पाठमोरी दिसली. मी हाक मारली. दोनदा, तीनदा. ती थांबली, पण ओ दिली नाही. मी पुढे जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे तिने तोंडावरचा हात काढला.