दामिनीच्या क्लासची केबल

"दामिनी, पाह्य मी कोणाले आणलं! याले कॉम्प्युटरमधलं समजते म्हणे," दामिनीचा बाप मनसाराम दारातूनच ओरडला. तळ्यावरची मासळी विकून येताना ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर त्यानं एका अनोळखी तरुणाला गाठलं होतं.

दामिनी टेबलाखाली वाकलेली होती. घाईनं उठताना डोकं धाडकन आपटलं.

"लागलं काय?" तरुणानं विचारलं. सावळा, उंच, खांद्याला पिशवी... आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

"नाई," ती म्हणाली. चांगलंच लागलं होतं.

दोन हजार तीनचा हिवाळा होता. घराच्या पुढच्या खोलीत दामिनीनं कॉम्प्युटर क्लास काढला होता. नागपूरहून आणलेले दोन जुने कॉम्प्युटर, आणि त्यांत विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स. आज दुपारी तपासणीचे साहेब यायचे होते. त्यांच्यासमोर एका कॉम्प्युटरवरची फाईल दुसऱ्यावर गेली, तर क्लासला मान्यता. नाही गेली तर क्लास बंद, आणि जिवती गावच्या स्थळाला होकार... आईबाबांशी तसंच ठरलं होतं. आणि सकाळपासून दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना ओळख द्यायला तयार नव्हते.

तरुणानं केबलचं टोक उजेडात धरलं.

"ही सरळ केबल आहे. मधात हबचा डबा न ठेवता दोन कॉम्प्युटर जोडायचे, तर क्रॉस केबल लागते. एका टोकाच्या वायरी बदलाव्या लागतीन."

"दुकानदारानं तर चालते म्हणून देली."

"त्याले विकाची होती."

तिला हसू आलं. त्यानं पिशवीतून पक्कड काढली, टोक कापलं. "धरा. सरळ धरा... हात काऊन मागं घेता?"

"थंडी आहे," ती म्हणाली. उन्हाची तिरीप दोघांच्या बोटांवरच पडली होती.

केबल खोचली, तसा मागचा हिरवा दिवा लागला! दामिनीनं पिंग करून पाहिलं, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला हाक दिली. लगेच उत्तर आलं. ती टाळी वाजवणार, तोच फाईल पाठवायला गेली तर नकार. पुन्हा नकार. तरुण पडद्याकडे बघत गप्प बसला.

तेवढ्यात दामिनीची आई ताराबाई चहा घेऊन आली आणि थबकली. "अवो, हा तर चौकातल्या क्लासवाला धनराज! बोर्डावर फोटो हाय न याचा."

दामिनी ताडकन उठली. हा क्लास बंद पडला, तर तिच्या सगळ्या मुली त्याच्याच क्लासला जाणार होत्या.

"नाव काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं, तर आत येऊ देलं असतं?"

"क्लास बिघडवाले आलात तुम्ही. निघा!"

त्याचा चेहरा उतरला. पिशवी उचलून तो बाहेर पडला, उंबऱ्याबाहेरून वळून काही सांगू लागला, पण तिनं दार लावून घेतलं.

मग त्यानं केलेलं सारं तिनं तपासून पाहिलं. वायरी, दिवा, दोन्ही कॉम्प्युटरचे आयपी पत्ते... कुठंच खोट नव्हती. ते जास्त झोंबलं. ऊन कलू लागलं. शेवटी तिनं बाबांची सायकल काढली.

चौकातल्या क्लासमध्ये ती शिरली, तशा साऱ्या माना वळल्या.

"दारातून काय सांगत होता?"

धनराज उठून बाहेर आला. चिडवलं नाही. "दुसऱ्या कॉम्प्युटरची फायरवॉल चालू आहे. लिनक्स टाकताना सुरक्षा एकदम जास्तीची निवडली असन तुम्ही. हाक आत जाते, फाईल बाहेरच अडते. ती बंद करा."

"खरं कशावरून? फाईल नाई गेली तर फायदा तुमचाच."

"म्हणूनच चहा येईपर्यंत चूप बसलो होतो," तो खाली बघत म्हणाला. "समजलं होतं मले. सांगू का नको, ठरत नव्हतं. ठरलं, तवा तुम्ही दार लावलं."

ती तशीच मागं वळली. सायकल दामटत घरी आली, तर साहेबांची जीप अंगणात उभी!

साहेब घड्याळ बघत होते. बाबा कोपऱ्यात, आई दाराआड. दामिनीनं फायरवॉल थांबवण्याची आज्ञा टाईप केली... एक अक्षर चुकलं. पुसलं. पुन्हा टाईप केली. मग फाईल पाठवली.

पलीकडच्या पडद्यावर फाईल उमटली.

"ठीक," साहेब म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी शेतावरून धानाच्या ओल्या तणसाचा वास येत होता. धनराज कुंपणाबाहेर उभा दिसला.

"गेली?"

"गेली."

"म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या पोरी गेल्या."

"पस्तावा होते?"

"थोडा." मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही क्लासची पाटी रंगवत होता तवा पाह्यलं होतं मी. 'प्रशिक्षण'मधला 'क्ष' जमत नव्हता... पुसून पुसून हात निळे झालते तुमचे. तवापासून या गल्लीत यायचं कारण शोधून राह्यलो. आज तुमचे बाबा भेटले, कारण हातात आलं. अन् मीच ते घालवलं."

दामिनी कुंपणाजवळ आली. "परवा जिवतीचे पाहुणे येऊन राह्यले. मले पाहाले."

तो कुंपणाची काडी मोडत राहिला. दूर कुठं गाई हंबरल्या.

"क्लासले मान्यता भेटली, आता पाहुण्यांले येऊ नका म्हणून कळवा, असं सांगणार आहो मी बाबांले," ती म्हणाली. "पण ते विचारतील, पुढच्या स्थळाले काय सांगाचं..."

"मग?"

"ते तुम्ही सांगा. बाबा आत जेवाले बसले आहेत."

धनराजनं घाम आलेले तळवे पँटला पुसले आणि फाटक लोटलं. चार पावलं गेला आणि थांबला. दामिनी झपझप पुढं आली, त्याच्या शेजारी उभी राहिली.

"चाला," ती म्हणाली, "मीपण आहो संगं."