टाकीजवळची मरतूक

शेडमध्ये कोंबड्या माना ताणून श्वास ओढत होत्या. वहिनी आणि त्यांचे दीर भावजी दारातच थांबले. मालकिणीनं प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केला.

"विषाणूची जनुकं लसीच्या विषाणूशी जुळतात, चार-दोन बदल सोडले तर! मी जिवंत लस इथे येऊच देत नाही. कुंपणापलीकडे माझा दादा त्याच्या पक्ष्यांना देतो. त्यानंच माझं वाटोळं केलं. आज पोलिसात तक्रार करते. मला भाऊ नाही!"

"जरा थांबा," वहिनी म्हणाल्या. गुन्हे त्या शोधत. भावजी, निवृत्त कंपाउंडर, पिशवी धरत आणि शंका काढत. "मरतूक कुठून सुरू झाली?"

"टाकीकडून."

कुंपण दुसऱ्या टोकाला होतं.

टाकीच्या खोलीत क्लोरीनचा वास होता. पाण्याचं सगळं बघणारा मालकिणीचा नवरा तिथे काळा चहा घेत बसला होता. "दूध सोसत नाही मला," तो म्हणाला. त्याच्यामागे दूध पावडरीचा रिकामा डबा होता.

दादा कुंपणापलीकडूनच बोलला. त्याचे पक्षी ठणठणीत होते. "मी एकेक पक्षी धरून डोळ्यात थेंब घालतो. उरलेली लस..." तो थबकला. "मला आणखी विचारू नका."

"चोराच्या मनात चांदणं," भावजी पुटपुटले.

वहिनींनी नवरा-बायकोला तिथेच बोलावलं.

"रोग कुंपणावरून आला असता तर कुंपणाकडचे पक्षी आधी मेले असते. तो पाण्यातून आला. क्लोरीन लस मारतं, म्हणून पाण्यातून लस देताना क्लोरीनचा जोर मोडायला दूध पावडर घालतात. दूध न सोसणाऱ्याच्या खोलीत डबा कशाला?"

नवरा दोन पावलं मागे सरला.

"पण लसीनं रोग?" भावजींनी विचारलं.

"सगळ्यांना पुरती मिळाली तर नाही. उरलेली लस अख्ख्या शेडला पुरवली. काहींना मिळाली, काहींना नाही. न मिळालेल्यांत एकातून दुसऱ्यात जाता जाता लसीतला दुबळा विषाणू बदलला आणि माजला. अहवालातले बदल तेच."

"आसपास रोग आला होता," नवरा रडवेला झाला. "तू ऐकेनास. भीतीनं मीच दादांकडून बाटली मागून आणली."

मालकीण भावाकडे वळली. "आणि तू गप्प बसलास?"

"दाजींनी शपथ घातली होती. तुमच्यात भांडण लागण्यापेक्षा माझ्या नावानं खडे फोडलेले बरे."

तिला रडू फुटलं. दादा कुंपण ओलांडायला निघाला, तसा तिनं हात आडवा केला.

"इकडे येऊ नकोस, दादा. तुझे पक्षी अजून धड आहेत."