पुसण्याआधी नाव घ्यायचं

उत्तमचं दुकान डोंबिवली पूर्वेला, पिठाच्या गिरणीला लागून. बारा वर्षं त्याने तिथे कॅसेटी भरून दिल्या आणि नव्याण्णव साली पाटी बदलून कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. कॅसेट पुसायचं चुंबकाचं यंत्र मात्र काउंटरखाली तसंच होतं. इस्त्रीएवढं, बटण दाबलं की घुमायचं. पुसण्याआधी कॅसेटवरचं नाव तो मोठ्याने वाचायचा. एकदा घाईत कुणाच्या तरी बारशाची कॅसेट कोरी झालेली, आणि त्या बाईने भर रस्त्यात त्याचा उद्धार केलेला. तेव्हापासून नाव घेतल्याशिवाय बटण नाही.

गुरुवारी दुपारी सरस्वतीबाई आल्या. रामनगरात त्या वधू-वर सूचक केंद्र चालवायच्या. पिशवीतून त्यांनी एक काळा डबा काढला, कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क.

"मेली बंदच पडली रे. कंपनी नवीन देतेय, पण जुनी परत मागतेय. आत नऊशे घरांची माहिती आहे. कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाच्या अंगावरचं कोड. परक्याच्या हाती लागलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. पूस सगळं."

"काळजी सोडा, काकू."

काळजी खरं तर त्यालाच होती. त्या नऊशेंत त्याची धाकटी बहीण शीला होती. तिचं ठरलेलं लग्न चार दिवस आधी मोडलेलं, आणि हे उत्तमनेच भाबडेपणाने फॉर्मात लिहिलेलं. त्यानंतर सहा वर्षं एक स्थळ टिकलं नाही. आता टिटवाळ्याचं स्थळ परस्पर आलं होतं, रविवारी साखरपुडा होता. त्या लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि होऊ द्यायचंही नव्हतं.

त्याने डिस्क जोडून पाहिली. आतली चकती फिरेचना. म्हणजे कॉम्प्युटरवरून पुसणं गेलं. मग त्याने डिस्कच्या तिन्ही वायरी काढल्या आणि जुनं यंत्र हातात घेतलं. सवयीने नाव वाचायला गेला, तर डब्यावर नाव कुठलं असणार? डोक्यात एकच होतं.

"शीला," तो म्हणाला, आणि बटण दाबलं.

यंत्र डब्यावरून गोल फिरवताना आतली चकती फिरू लागली. बोटांना थरथर स्पष्ट लागत होती. डबा कोमट झाला. मग टक् आवाज आला आणि सगळं थांबलं. उत्तमने वायरी पाहिल्या. तिन्ही टेबलावर पडलेल्या होत्या. चुंबकामुळे फिरली असेल, असं ठरवून त्याने चहा मागवला.

संध्याकाळी घरी आई, भागीरथीबाई, दारातच उभी.

"अरे, ती कुठे गेली? आपली ही..." आई हसली. "बघ, म्हातारपण आलं."

उत्तम नाव सांगायला गेला आणि म्हणाला, "बाजारात गेली असेल."

शनिवारी साखर आणायला त्याने रेशनकार्ड काढलं. वडिलांच्या नावावर काट होती, खाली आई, मग तो. चौथ्या ओळीत वय होतं, एकोणतीस. वयाच्या आधीची जागा कोरी होती. खाडाखोड नाही, पुसट डाग नाही, कागद नवा असावा तसा.

तो तडक रामनगरात गेला. डिस्क शुक्रवारीच कुरियरने गेलेली.

"बरा आलास," सरस्वतीबाई म्हणाल्या. "कागदी फॉर्म चाळत होते. तुझ्या बहिणीचा फोटो आहे, पत्रिका आहे, नाव तेवढं लिहायचं विसरलायस." त्यांनी पेन पुढे केलं.

उत्तमने पेन टेकवलं. निळा ठिपका मोठा होत गेला.

रविवारी घर माणसांनी भरलं. मुलाचे वडील बाबुराव खुशीत होते, साखरेचा पुडा मधोमध ठेवला होता. ती हिरव्या साडीत पाटावर बसली. सहा वर्षांनी ती अशी हसत होती.

गुरुजींनी लग्नपत्रिकेच्या मजकुराचा कागद मांडीवर घेतला. "हं, मुलीचं नाव सांगा."

बाबुरावांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मुलीच्या आईकडे. भागीरथीबाई पदराशी चाळा करत राहिल्या.

"अहो, मुलीलाच विचारा की," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

तिनेही हसत तोंड उघडलं.

हसू तसंच राहिलं.

तिने उत्तमकडे पाहिलं.

"दादा, सांग ना रे," ती हळूच म्हणाली. "माझं नाव काय?"