बुडालेली बादली

वर्गात जिचं एकही उत्तर कधी चुकत नाही, ती मुलगी परीक्षेत नापास कशी होते? आणि तेसुद्धा चांगल्या तीन-तीन विषयांत?

अंबडच्या शाळेत नववीत शिकणाऱ्या निर्झरा देवढेला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. प्रगतिपत्रक हातात धरून ती बाकावर नुसती बसून राहिली होती. इतिहास, भूगोल, गणित. तिन्हींखाली लाल रेघ.

"निर्झरा, अगं अभ्यास तरी केला होतास का?" तिच्या वर्गशिक्षिका मगरबाईंनी विचारलं.

"केला होता हो बाई. सगळं पाठ होतं माझं. देवाशप्पथ!"

"पाठ होतं, मग गेलं कुठे?"

आता याचं उत्तर तिला ठाऊक असतं, तर ती नापास कशाला झाली असती? पंधरवड्याने फेरपरीक्षा होती. तीही बुडाली की वर्ष वाया. मैत्रिणी दहावीत जाणार आणि ही त्याच वर्गात, खालून आलेल्या पोरांबरोबर बसणार.

इथे तुम्हाला सांगातीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. ही गोष्ट आहे अजून काही वर्षांनी येणाऱ्या काळातली. तेव्हा लहानथोर जवळजवळ सगळ्यांच्या कानामागे मुगाच्या दाण्याएवढं एक यंत्र चिकटवलेलं असायचं. तेच सांगाती. बोलता बोलता तुम्ही अडखळलात, की ते पुढचा शब्द हळूच कानात सांगणार. शेजाऱ्याचं नाव विसरलात, सांगाती हजर. पाढा अडला, सांगाती हजर. काय सोय म्हणून सांगू! पोरं अभ्यासही तसाच करायची. धडा वाचायचा, म्हणून बघायचा, अडलं की सांगाती आहेच. असं दोन-चार वेळा झालं की वाटायचं, झालं की पाठ! फक्त परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी एक टोपली ठेवलेली असायची आणि सगळ्यांना आपापले सांगाती काढून त्यात टाकावे लागायचे. परीक्षेत त्यावर बंदी होती.

रडवेली होऊन निर्झरा घरी आली. ओट्यावरच्या खुर्चीत तिचे आजोबा, म्हणजे तात्या बसले होते. डॉ. भगवंत देवढे मोठे भूजलशास्त्रज्ञ (जमिनीच्या पोटातलं पाणी शोधणारे आणि मोजणारे वैज्ञानिक) होते. उभ्या मराठवाड्यातल्या विहिरी पालथ्या घातलेला माणूस! नातीचं 'निर्झरा' हे नाव त्यांनीच ठेवलेलं. सगळं घर तिला निरू म्हणायचं, तात्या मात्र पूर्ण नावाने हाक मारायचे.

पण दिवाळीनंतर तात्यांना पक्षाघात (मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त न पोहोचल्याने होणारा आजार) झाला. हातपाय सावरले, पण शब्द गेले. सगळ्या शब्दांतला एकच कसाबसा उरला, 'का'. मग आजवर सांगाती न वापरलेल्या तात्यांनाही डॉक्टरांनी तो लावला आणि ते पुन्हा बोलायला लागले. आईला तर आभाळ ठेंगणं झालं.

"तात्या, मी नापास झाले," निर्झरा म्हणाली.

तात्यांचे डोळे भरून आले. ओठ हलले. "काळजी करू नकोस, निर्झरा. सगळं ठीक होईल."

हेच वाक्य, याच आवाजात, सकाळी दूध उतू गेलं तेव्हा तात्या आईला म्हणाले होते. फक्त नाव बदललं होतं! म्हणजे हे तात्या बोलतच नाहीत? कानामागचं यंत्र बोलतं आणि तात्या त्याच्यामागून म्हणतात? तिचं डोकंच फिरलं. पुढे होऊन तिने त्यांच्या कानामागचा सांगाती ओढून काढला.

"आता सांगा. माझं नाव काय, तात्या?"

तात्यांनी तोंड उघडलं. "का... का..." घामाने कपाळ भिजलं, मान थरथरली, पण पुढे काही येईना. नातीकडे बघता बघता त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं.

"मी काय केलं हे! चुकले मी, तात्या," म्हणत निर्झराने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली. "माझ्याही डोक्यात काही उरलेलं नाही. आपल्या दोघांचं सगळं गेलं."

"गेलेलं नाही, ताई," मागून आवाज आला.

तो होता बंडोपंत, तात्यांची शुश्रूषा करायला दवाखान्याने पाठवलेला यंत्रमानव. त्याचं एक चाक कायम कुरकुरायचं आणि बोलणं असायचं अगदी अदबीचं. त्याने तात्यांसमोर चित्रं मांडली. "तात्यासाहेब, विहीर कुठे आहे?" तात्यांनी बरोबर विहिरीवर बोट ठेवलं. "घागर?" घागरीवर. "आता तुम्ही सांगा, हे काय आहे?" तात्या पुन्हा मुके झाले.

"पाहिलंत? शब्द ऐकला की ते ओळखतात. म्हणजे शब्द आत शाबूत आहे. बाहेर काढायची वाट मोडली आहे. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं, ताई. तुमचंही तेच झालंय. धडा समोर आला की तुम्ही ओळखता आणि तुम्हाला वाटतं, आपल्याला येतो."

"मग मी नापास झाले ते..."

"पेपरात धडा समोर नसतो ना!"

तात्या हे सारं लक्ष देऊन ऐकत होते. एकाएकी ते काठी टेकत उठले आणि मागच्या दाराकडे निघाले. तिथे भिंतीवर खुंटीला एक गंजलेला गळ टांगलेला होता. गळ म्हणजे लोखंडी आकड्यांचा झुबका. पूर्वी आडात बादली पडली, की तो दोराला बांधून आत सोडायचे आणि तळ चाचपून बादली वर काढायचे. तात्यांनी तो निर्झराच्या हातात दिला. मग परसातल्या आडाशी जाऊन त्यांनी काठावरची लोखंडी बादली खुशाल आत ढकलून दिली. धप्प!

"अहो तात्या! आईची बादली!"

तात्यांनी गळाकडे बोट दाखवलं.

निर्झराने गळ सोडला. पाणी काळं, तळ दिसेना. इकडे ओढ, तिकडे ओढ, गळ रिकामाच वर. हात भरून आले. "नाही सापडत. जाऊ दे," ती म्हणाली. तात्यांनी मान हलवली, अं हं. बऱ्याच वेळाने खाली कुठेतरी खण् झालं, आकडा कडीत अडकला आणि बादली वर आली. तात्यांनी लगेच ती पुन्हा ढकलली! या वेळी गळ कुठे आणि किती सोडायचा याचा निर्झराच्या हाताला अंदाज आला होता. बादली लवकर मिळाली. तात्यांनी आधी आपल्या कपाळावर बोट टेकवलं, मग तिच्या कपाळावर आणि मग गळावर.

"धडा वाचणं म्हणजे बादली आत सोडणं," निर्झरा हळूच म्हणाली. "आणि मी नुसत्या बादल्याच सोडत बसले. गळ कधी टाकलाच नाही. तो तर सांगातीच टाकत होता."

"याला पुनःस्मरण (पुस्तक मिटून, जे वाचलं ते स्वतःच्या डोक्यातून आठवून काढणं) म्हणतात," बंडोपंत म्हणाला. "मेंदूत चेतापेशी (एकमेकींना निरोप देणाऱ्या बारीक पेशी) असतात. तुम्ही धडपडून एखादी गोष्ट आठवता, तेव्हा त्या गोष्टीपर्यंत जाणारे त्यांचे जोड पक्के होतात. कुणी आयतं सांगितलं तर फारसे होत नाहीत. खूप प्रयत्न करूनही आठवलं नाही, तर पुस्तक जरूर बघायचं, पण मिटून पुन्हा आठवायचं."

त्या दिवसापासून आजोबा आणि नात, दोघांचेही सांगाती डब्यात गेले. वाटलं असेल तुम्हाला, आता सगळं झकास झालं! कुठलं काय? पहिले दिवस फार वाईट गेले. इतिहासाचं पुस्तक मिटून निर्झरा मिठाच्या सत्याग्रहाबद्दल सांगायला लागली आणि दोन वाक्यांतच थांबली.

"सरकारने मिठावर कर लावला होता."

"का?" तात्यांनी विचारलं. त्यांच्यापाशी तेवढा एकच शब्द होता.

"पैसा मिळावा म्हणून. मीठ सगळ्यांनाच लागतं ना."

"का?"

"म्हणजे गरिबालाही कर चुकत नव्हता. अच्छा! म्हणून तर सत्याग्रहाला मीठच निवडलं! ते सगळ्यांच्या घरातलं दुखणं होतं." इतिहासात नुसत्या सनावळ्या घोकून चालत नाही, एका घटनेत दुसरीचा आकडा अडकवावा लागतो, हे तिला तात्यांच्या त्या एका शब्दाने शिकवलं.

भूगोलाला तात्यांनी वेगळीच तऱ्हा केली. नकाशावर आपली शाल टाकली आणि कोरा कागद पुढे सरकवला. निर्झराने काढलेली गोदावरी पहिल्या दिवशी थेट अरबी समुद्राला जाऊन मिळाली. जन्मभर पाण्याचा अभ्यास केलेल्या माणसाने कपाळालाच हात लावला! शाल काढायची, चूक बघायची, शाल टाकायची, पुन्हा नकाशा काढायचा. मध्ये एखादा दिवस जाऊ द्यायचा, थोडं विसरू द्यायचं आणि मग पुन्हा आठवायचं. थोडं विसरल्यावर आठवलेलं जास्त टिकतं, असं बंडोपंत म्हणायचा.

गणितात मात्र ती स्वतःच्या अकलेने चालली. एका प्रकरणाची उदाहरणं घेऊन बसायची आणि ओळीने सगळी सोडवायची. उत्तरं भराभर येत होती. तिला वाटलं, इथे तर काही चिंताच नाही.

आणि तात्या? रोज ते बंडोपंताबरोबर चित्रांसमोर बसायचे. त्यांचा चेहरा पिळवटून जायचा. एकदा 'पाणी' म्हणता येईना, तर त्यांनी मूठ स्वतःच्याच गुडघ्यावर मारून घेतली. आईला ते बघवलं नाही. "पाणी! पाणी म्हणा, तात्या!" ती कळवळून ओरडली. तात्यांनी मान फिरवली आणि त्या दिवशी पुन्हा तोंड उघडलं नाही.

"आई, सांगू नकोस गं त्यांना."

"तुला काय जातंय बोलायला? जन्मभर बोलून लोकांना शहाणं करणारा माणूस आहे तो! लाव तो सांगाती परत, निरू. आशेला लावू नकोस आम्हाला."

निर्झराला वाटलं, आई म्हणते तेच खरं असेल. नाही निघत काही बादल्या. त्यांचा तळच फुटलेला असेल. पण तिने डबा उघडायला हात घातला, तेव्हा तात्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि सोडलं नाही.

फेरपरीक्षा झाली. टोपलीत टाकायला निर्झराकडे काहीच नव्हतं. इतिहासाच्या पेपरात काही क्षण डोकं कोरं झालं, अंधारलं. मग तिने मनातच 'का?' विचारलं आणि एकेक गोष्ट वर यायला लागली. भूगोलही निघाला. पण गणिताची प्रश्नपत्रिका हातात आली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या प्रकरणांची उदाहरणं एकात एक मिसळलेली! हे कुठल्या रीतीने सोडवायचं, तेच ओळखता येईना.

निकाल लागला. दोन विषय सुटले. गणित गेलं.

"दोन सुटले म्हणून एक संधी आणखी देता येईल, उन्हाळ्यात," मगरबाई म्हणाल्या. "शेवटची हं, निर्झरा."

पाय ओढत ती घरी आली. बंडोपंताने तिचं सगळं ऐकून घेतलं. "ताई, एकाच प्रकरणाची उदाहरणं ओळीने सोडवली, तर रीत कुठली ते आधीच ठाऊक असतं. निवड करायची सवयच होत नाही. गणिताची उजळणी मिसळून करायची. चार प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि हाताला येईल ते सोडवा."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलं नाहीत, ताई. उत्तरं भराभर येत होती ना."

आता आणखी गळ टाकायचा? तिच्यात त्राणच उरलं नव्हतं. आडाच्या कठड्याला टेकून ती खाली बसली. काठी टेकत तात्या आले आणि शेजारी बसले. त्यांनी प्रगतिपत्रक घेतलं आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. त्यांचे ओठ हलायला लागले.

दारात उभी असलेली आई पुढे झाली. निर्झराने हात वर करून तिला थांबवलं. आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"ग... गळ," तात्या म्हणाले.

तात्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "नि... निव... निवडुंग..." भलताच शब्द आला म्हणून त्यांनी रागाने मान झटकली. डोळे मिटले. कितीतरी वेळ ते तसेच बसून होते. एक शब्द निर्झराच्या अगदी जिभेवर आला होता. सांगून टाकावा, सुटतील बिचारे, असं तिला वाटलं. पण दातांखाली ओठ धरून तिने तो आत ठेवला.

"पुन्हा," तात्या म्हणाले. "पुन्हा टाक... निर्झरा."

आई होती तिथेच खाली बसली. निर्झराला रडूही येत होतं आणि हसूही. तिने तात्यांचा हात हातात घेतला आणि मग चिठ्ठ्या करायला कागद आणि रिकामा डबा आणायला आत गेली.