आवाजाच्या टप्प्यात

मयताच्या जेवणात कुणी लाजू नये, पण वर्ला लाजली होती. आयडाहोतल्या त्यांच्या गावच्या चर्चमध्ये, चीज घालून भाजलेल्या बटाट्यांच्या शेवटच्या चमच्यावर तिचा आणि एका उंच, लाल कानांच्या माणसाचा हात एकदमच पडला...

"घ्या तुम्ही," तो म्हणाला. "बटाटे माझ्याच शेतातले आहेत. घरी पोत्यांनी पडलेत."

"मग इथे कशाला हात घातलात?"

"घरी नुसते बटाटेच आहेत ना..."

हा थेन हॅडफिल्ड. बायको लोर्ना जाऊन चार वर्षं झालेली. वर्लाचा नवरा आर्डन त्याच्याही आधी गेलेला. त्यानंतर थेन काही ना काही निमित्त काढून येत राहिला आणि वर्ला उगाचच केस नीट करून दार उघडत राहिली. साठी उलटल्यावर हे असलं काही होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग एका संध्याकाळी तिच्या ओसरीवर टोपी हातात फिरवत तो म्हणाला, की त्याला धर्मकार्याला परदेशी जायचंय, मिशनवर. पण एकट्या म्हाताऱ्याला पाठवत नाहीत, जोडपं लागतं. "येशील का... माझ्याबरोबर?"

हे मागणं बायकोसाठी होतं की सोबतीणीसाठी, हे वर्लाला लग्न करून नॉर्वेत दीड वर्ष काढल्यावरही कळलं नव्हतं.

तसे दिवस छान चालले होते. कोटावर काळी नावपट्टी लावून दोघं सकाळी निघत. तरुण मिशनऱ्यांच्या खोल्या तपासायच्या, त्यांच्या करपलेल्या कढया बघून कपाळाला हात लावायचा आणि मग त्यांनाच जेवू घालायचं. म्हाताऱ्या-कोताऱ्यांची चौकशी करायची. मिशनवर एकमेकांना नावाने हाक मारायची नाही. एल्डर आणि सिस्टर म्हणायचं. आणि जोडीदारापासून कधी दूर जायचं नाही, नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. थेन दुकानात दुधाच्या फळीआडून डोकावून विचारायचा, "सिस्टर हॅडफिल्ड, दिसतोय ना मी?"

"दिसतोयस. नाइलाज आहे."

पण हिवाळा आला, आणि दर सोमवारी, कपडे धुवायच्या आणि घरी फोन करायच्या दिवशी, थेन फोन घेऊन एकटाच तळघरात जाऊ लागला. एकदा जिन्यावरून तिच्या कानावर पडलं, "तिला इतक्यात सांगू नकोस." मार्चमध्ये मिशन संपणार होतं. गरज सरो, वैद्य मरो... तिने विचारलं मात्र नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच तिला धास्ती होती.

त्याहून मोठी एक भीती होती. त्यांच्या पंथात मंदिरात बांधलेली लग्नाची गाठ मेल्यावरही सुटत नाही. वर्लाची ती गाठ आर्डनशी बांधलेली, थेनची लोर्नाशी. बाईला जिवंतपणी तशी दुसरी गाठ बांधता येत नाही. म्हणून या दोघांचं लग्न फक्त या जगापुरतं, मरेपर्यंत. लग्न करताना तिला हा व्यवहार रास्त वाटला होता. तेव्हा तिचा जीव त्याच्यात गुंतला नव्हता.

त्या दिवशी डोंगरापलीकडच्या म्हाताऱ्या गुडवायबाईंकडे प्रार्थना करून आणि वॉफल खाऊन दोघं परत निघाले. भर दुपारीही उजेड म्हणावा असा नव्हता. घाटाच्या तोंडाशी अडसर पडलेला. बर्फ काढणाऱ्या गाडीमागून सगळ्यांना एका रांगेत सोडत होते. रस्त्यावरचा माणूस काचेशी येऊन बजावून गेला, की पुढच्याचा लाल दिवा सोडू नका आणि काही झालं तरी गाडीतून उतरू नका.

वर चढल्यावर सगळं पांढरं झालं. रांग थांबली. वायपर गोठले आणि लाल दिवा दिसेनासा झाला.

"बर्फ झटकून येतो," थेन म्हणाला. "हा आलोच."

"थेन, नको..."

दार उघडलं, वारा आत घुसला, दार आपटलं. काचेवर दोनदा ठकठक झाली. मग काहीच नाही.

ती वाट बघत राहिली. हाका मारल्या तर तिच्याच तोंडातला आवाज तिला ऐकू येईना. गेला हा... आणि गेला तर थेट लोर्नाकडे जाणार, कायमचा. इतर बायकांना निदान पुढच्या भेटीची आशा असते. तिला तीही नव्हती. वर्ला त्याच्या जागेवर सरकली आणि दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला. स्वर्गातल्या बापा, तिने मागितलं, लोर्ना चांगली बाई होती, पण आज याला तिच्याकडे पाठवू नकोस.

हॉर्न तिने सोडला नाही. हात बधिर झाले तरी सोडला नाही.

बाजूचं दार उघडलं आणि थेन आत कोसळला. भुवया पांढऱ्या झालेल्या, चष्मा उडून गेलेला.

"मागचे दिवे पुसायला गेलो, वाऱ्याने पाडलं," तो धापा टाकत म्हणाला. "उठलो तर गाडी कुठे ते कळेना... बरं झालं तू बोंबललीस."

वर्लाने हातमोज्यानेच त्याच्या खांद्यावर मारलं, पुन्हा मारलं आणि रडू लागली.

"नियम काय आहे, एल्डर?"

"नजरेतून गेलो, कबूल. पण आवाजाच्या टप्प्यात होतो."

"तू लोर्नाकडे गेला असतास, मी आर्डनकडे. आपलं दोघांचं काय उरलं असतं, सांग. तुला मिशनला जोडी हवी होती, मिळाली. मला... मला तू हवा आहेस. मेल्यावरसुद्धा."

चष्म्याविना त्याचे डोळे फार उघडे दिसत होते.

"सोमवारी मी तुझ्या लेकीशी, कार्लीनशी बोलतो," तो म्हणाला. "मंदिरात चौकशी केली मी. आपण दोघं गेलो, की मागच्यांनी आपल्या नावाने गाठ बांधलेली चालते. तिला विचारलं, करशील का? म्हणाली, आधी आईला विचार. म्हटलं, त्याचीच तर भीती वाटते."

"कसली भीती?"

"ओसरीवर धड मागणी घालता आली नाही म्हणून मिशनचं निमित्त केलं. आता तर अनंतकाळाचं मागायचं. तू नाही म्हणालीस तर?"

"आणि लोर्ना?"

"तिला भेटेन तेव्हा घाबरेन."

वर्लाला रडता रडता हसू फुटलं. "कार्लीनला सांग, आई हो म्हणाली. पण घाई नाही म्हणावं."

पुढे अंधुक लाल दिवा हलला. थेनने स्टिअरिंगकडे हात पुढे केला आणि मागे घेतला. चष्म्याशिवाय त्याला स्वतःचे गुडघेही दिसत नव्हते. वर्लाने घाटात कधी गाडी चालवली नव्हती, उन्हाळ्यातसुद्धा नाही.

"थेन, मला भीती वाटतेय."

"मलाही. मला तर तूसुद्धा दिसत नाहीयेस."

"मग बोलत राहा," ती म्हणाली आणि तिने गाडी पुढे घेतली. घाट उतरेपर्यंत थेन बटाट्यांबद्दल बोलत राहिला.