बारा ते दोनचा पहारा

सूर्यभान पेटीमास्तरांचा हिवाळा एसटीत जायचा. कार्तिक लागला की अमरावतीचं घर सोडायचं आणि माघ सरेपर्यंत एकामागून एक हरिनामाचे सप्ते करत अकोल्याच्याही पलीकडे जायचं. कीर्तनकार बदलत, मृदंगवाले बदलत. पेटी मात्र मास्तरांची. स्वतःच्या हाताचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत. आपण बसलो तो एकही सप्ता बावीस हिवाळ्यांत खंडला नाही, हे नव्या गावात पहिला चहा येण्याआधीच सांगून मोकळे होत.

सप्ता खंडतो तो विणेमुळे. सात दिवस, सात रात्री ती कुणाच्या तरी गळ्यात हवी. जमिनीला टेकली की संपलं. दर दोन तासांनी माणूस बदलतो. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. कुणाचा पहारा कधी, ते देवळातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं.

चांदूर रेल्वेजवळच्या त्या गावात सहावा दिवस होता. सगळं गाव कापूस वेचायला गेलेलं. अकराच्या सुमाराला मास्तर मंडपात आले आणि पेटीचा भाता पुसत बसले. ऊन बाहेर होतं, आत सतरंजी ओल्यासारखी गार. खांबाशी घोंगडी पांघरलेला एक उंच म्हातारा वीणा घेऊन उभा होता. फळ्यावर दहा ते बारा गोपालचं नाव होतं, पण अशी अदलाबदल चालतेच. अशा गारठ्यात तार चढते-उतरते, दर घटकेला खुंटी पिळावी लागते. म्हाताऱ्यानं तासाभरात खुंटीला हात लावला नाही, तरी सूर पेटीशी तंतोतंत. मास्तरांनी मनातल्या मनात त्याला दाद दिली.

बारा वाजले. पुढचा पहारा सप्त्याच्या कारभाऱ्यांचा, शेषरावांचा होता. ते काही आले नाहीत.

म्हातारा म्हणाला, "मास्तर, धरता काय? मले जा लागते. लय दिवस झाले."

मास्तरांना नाही म्हणणं ठाऊक नव्हतं. ते उठले, वाकले. बोटांना लागलेले पाय थंडगार होते. तसा गारठा सगळ्यांनाच होता. वीणा गळ्यात आली.

"आता तुमचा पहारा," म्हातारा म्हणाला आणि मंडपाबाहेर उन्हात गेला.

एकच्या सुमाराला शेषराव शेतातून धावत आले, मागे गोपाल. वीणा मास्तरांच्या गळ्यात पाहून शेषराव मटकन खाली बसले. गोपाल तर रडायलाच लागला. त्याच्या बायकोला साडेदहाला कळा सुरू झाल्या होत्या आणि तो तिला घेऊन चांदूरच्या दवाखान्यात गेला होता.

"मी खाली ठेवली, काका," तो म्हणाला. "सतरंजीवर. कोनीच नव्हतं."

मास्तरांनी म्हाताऱ्याचं वर्णन केलं. उंची, घोंगडी, आवाज. असा माणूस गावात नव्हता. पाहुणाही नव्हता.

शेषराव फळ्याकडे पाहत हळूच म्हणाले की पहाटेच्या पहाऱ्याला तेही दोन दिवस उठले नव्हते. थंडीच तशी होती. "पन वीणा वाजून राह्यली होती. मले घरी आयकू येत होती."

संध्याकाळपर्यंत एकेकानं कबूल केलं. कुणाचा मंगळवार चुकला होता, कुणाचा गुरुवार. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरा उभा आहे.

पण मास्तरांना बावीस हिवाळे असे हातचे जाऊ द्यायचे नव्हते. ते ठासून म्हणाले, "सप्ता खंडला नाही. मी सोता घेतली त्याच्या गळ्यातून."

गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. सांगतेचा काला थाटात झाला. तो कोण होता, हे मास्तरांनी पुन्हा कुणालाच विचारलं नाही.

पुढचा सप्ता अकोल्याच्या अलीकडे होता आणि तो सुरू होऊन दोन दिवस झाले होते. मास्तर एक रात्र घरी झोपले, पहाटेची एसटी धरली आणि नऊ वाजता गावात उतरले. देवळाबाहेर सप्त्याचा स्वयंपाक पाहणाऱ्या दुर्गाबाई चुलाण्यापाशी बसल्या होत्या. मास्तर त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

बाई लगबगीनं उठल्या. "बसा आता, मास्तर. रातभर वीणा घेऊन उभे होते. आमच्या एकाही मानसाले थंडीनं उठू देलं नाही, तुमी होते म्हनून निभावलं."

मास्तरांनी खांद्यावरची पेटी खाली ठेवली.

खिशात अमरावतीहून काढलेलं एसटीचं तिकीट होतं, त्यावर आजची तारीख.

बाईंनी चहा पुढे केला. कप घ्यायला त्यांनी हात लांबवला, तेव्हा उजव्या तर्जनीच्या टोकाला तारेचा ताजा काळा चर पडलेला दिसला.